दाराचं काही चुकलं नाही

माणसाची पारख त्याच्या बोलण्यावरून होते म्हणतात. आमच्या माजलगावात बरीच वर्षं ती, तो आमच्या गाडीचं दार कसं लावतो, यावरून व्हायची. शिकलेला माणूस दार हळूच ओढायचा. ते लागायचं नाही. मग जरा जोरानं ओढायचा. तरी लागायचं नाही. मग तो ओशाळवाणा हसून इकडेतिकडे बघायचा, आणि काका स्टेअरिंगमागून शांतपणे सांगायचे, "वर उचला, आत दाबा, आणि देवाचं नाव घेऊन आपटा." तालुक्यातल्या निम्म्या पक्षकारांना हा मंत्र पाठ होता. उरलेले निम्मे विरुद्ध पार्टीचे, त्यामुळे त्यांना आमच्या गाडीत बसायचा योग कधी आला नाही.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. १९६५ सालची, दोन दारांची. काका माजलगावच्या कोर्टात वकील. माझे वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे मी काकांच्या घरीच वाढलो. काकांनी ही गाडी १९७४ साली औरंगाबादहून जुनी म्हणून आणली. गाडी दारात उभी राहिली तेव्हा काकूंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि पहिला प्रश्न विचारला, "मागची दारं कुठायत?" मागं दारं नव्हती. मागं बसणाऱ्यानं पुढची सीट दुमडायची आणि वाकून, आधी डोकं, मग धड, मग चपला, अशा क्रमानं आत जायचं. काकू नऊवारीत होत्या. आत पोचल्यावर त्या म्हणाल्या, "ही गाडी आहे का कणगी?"

तेव्हापासून बसण्याच्या जागा ठरून गेल्या. स्टेअरिंगवर काका, मागं काकू आणि मी, आणि पुढं डाव्या हाताला काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला पुढची जागा मिळायची ती लाडानं नव्हे, कामानं. डावं दार चालत्या गाडीत उघडायचं. ते दोन्ही हातांनी धरून ठेवण्याची नोकरी त्याच्याकडे होती. माजलगाव ते परळी तो दार धरून बसायचा, आणि परळीला उतरल्यावर त्याच्या मुठी उघडायला आम्हाला मदत करावी लागायची.

आता तुम्ही म्हणाल, दार न लागण्यात कसला आलाय इतिहास? मलाही तसंच वाटायचं. पण त्या फटीत डोकं घातलं, आणि बघता बघता मी थेट इंग्लंडातल्या कॉव्हेन्ट्री गावात जाऊन पोचलो.

कॉव्हेन्ट्रीत स्टँडर्ड नावाची जुनी मोटार कंपनी होती. महायुद्ध संपता संपता तिनं ट्रायम्फ ही दुसरी कंपनी विकत घेतली होती. आता मोटार कंपनी म्हटलं की सगळी मोटार तीच करते असं आपल्याला वाटतं. पण स्टँडर्डच्या गाड्यांचं अंग, म्हणजे पत्र्याचं सगळं काम, फिशर अँड लडलो नावाच्या कारखान्यातून यायचं. १९५३ साली हा कारखाना बीएमसी या प्रतिस्पर्धी कंपनीनं गिळला. आपला शिंपी शेजाऱ्यानं घरजावई करून घ्यावा, तशातली गत झाली. नव्या गाडीचं अंग आता शिवायचं कोणी?

त्या काळात नवी पद्धत रुजत होती. वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंगच इतकं मजबूत बनवायचं की तेच हाडं आणि तेच कातडं. पण असं एकसंध अंग करून द्यायला स्टँडर्डला कोणी मिळेना. तेव्हा त्यांचा मुख्य इंजिनिअर हॅरी वेबस्टर यानं जुनी वाट धरली. खाली वेगळी लोखंडी चासी, आणि वर अंगाचे सुटे भाग, निरनिराळ्या कारखान्यांतून आणलेले आणि बोल्टांनी एकमेकांना जोडलेले. चित्र काढून दिलं जिओव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंतानं. १९५९ साली ही गाडी बाजारात आली. तिचं नाव ट्रायम्फ हेरल्ड.

गाडी मोठी गुणी होती. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडायचं, त्यामुळे मिस्त्रीला इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करता यायचं. पंचवीसेक फुटांत ती पूर्ण वळायची. छप्परसुद्धा बोल्टांनीच बसवलेलं. बोल्ट काढले की उघडी गाडी तयार. पण सदरा एका गावचा, बाराबंदी दुसऱ्या गावची आणि शिवण भलत्याच ठिकाणी म्हटल्यावर फटी या राहणारच. त्या कमीजास्त करायला अंग आणि चासी यांच्यामध्ये, बोल्टापाशी, पातळ चकत्या सरकवायच्या. आपल्याकडच्या गॅरेजात याला पॅकिंग म्हणतात. कुठं एक चकती, कुठं दोन, कुठं नाहीच. ही सोय होती, आणि हीच ग्यानबाची मेखही होती. कारण कोणत्या बोल्टाखाली किती चकत्या आहेत, हे गाडीच्या बाहेरून कुणालाच दिसत नाही.

सुट्या भागांची गाडी परदेशी पाठवायला सोपी. भाग पेटाऱ्यांत भरा, तिकडं जोडा. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी १९४८ पासून होती. तिथं १९६१ पासून हेरल्ड तयार होऊ लागली. ट्रायम्फ हे नाव मात्र आपल्याकडे गळलं आणि नुसती स्टँडर्ड हेरल्ड उरली. त्या काळात मोटार घ्यायची म्हणजे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याला वालचंदांच्या प्रीमियर कंपनीत होणारी फियाट, नाहीतर मद्रासची ही. मुलगी बघायला जावं आणि तीनच स्थळं असावीत, तसं ते होतं. फियाटचंही दारांशी एक नातं होतंच. तिचा १९५०च्या दशकातला अवतार, ज्याला लोक प्रेमानं डुक्कर फियाट म्हणत, त्याची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागं आणि मूठ पुढं. चालत्या गाडीत दार निसटलं तर वारा ते पुरतं उघडून द्यायचा. आमचं निदान सुलट्या दिशेनं उघडायचं, एवढं समाधान काकांना होतं.

मद्रासकरांनी पुढं चार दारांची हेरल्ड काढली, १९७०च्या दशकात गझेल काढली, १९८५ साली स्टँडर्ड २००० ही मोठी गाडी काढली, आणि १९८८ साली कारखाना बंद पडला. काकांना ही बातमी कळली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आता आपली आपल्यालाच."

आपली आपल्यालाच म्हणजे काय, ते मला कळलं २००३ साली काका गेल्यावर.

वाटणी झाली. जमीन सरळ वाटली गेली, कारण जमिनीला सातबारा असतो. गाडीला सातबारा नसतो. दोन भाऊ आणि दोन दारं असा योग असला तरी एक दार त्याला आणि एक मला, असं काही कागदावर आणता येईना. भाऊ त्याआधीच नोकरीसाठी इंग्लंडला गेलेला. तो म्हणाला, "गाडी माझ्या वडलांची आहे." मी म्हणालो, "तू तिकडं, गाडी इकडं. सांभाळणार कोण?" यात माझं काय चुकलं होतं? काहीच नाही. तो म्हणाला, "दादा, तुला आमच्या घरात सगळं मिळालं, हे तरी राहू दे." यात त्याचंही फारसं चुकलं नव्हतं, पण मला ते लागलं. गाडी माझ्याकडे राहिली आणि आमचं बोलणं थांबलं. दिवाळीला बायका एकमेकींना फोन करायच्या. शेवटी माझी ही विचारायची, "यांना देऊ का?" आणि तिकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा.

गाडी राखली खरी, पण दारांचं काय? मी डेंटर शोधले. पहिल्यानं लाकडी ठोकळा ठेवून दार ठोकलं. आठ दिवस लागलं. दुसऱ्यानं बिजागऱ्यांच्या पिना बदलल्या. पंधरा दिवस लागलं. तिसऱ्यानं दाराची कड कापून पुन्हा वेल्डिंग केली. त्यानंतर दार वर लागायचं आणि खालून वारा यायचा. चौथ्यानं कुलपाची पट्टी इतकी बाहेर घेतली की दार लागलं ते उघडेनाच. एका लग्नाला मी खिडकीतून उतरलो. चौघांनीही दारालाच बडवलं आणि चौघांनीही माझ्याकडून पैसे घेतले. तक्रार करायला जागा नव्हती, कारण चौघांनाही बडवा म्हणून मीच सांगितलं होतं.

आता जरा आमच्या मातीबद्दल सांगायला हवं. जुनी माणसं गावाचे दोन भाग करत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. घर बांधायचं ते पांढरीवर. ही काही नुसती रीत नव्हती. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभं राहिलेलं घर तिच्याबरोबर श्वास घेतं. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा. पुढं सिंदफणेवर धरण झालं, गाव वाढलं, काळीचे प्लॉट पडले. आम्हीही एक घेतला. मुरूम लागेपर्यंत खणायचं ठरलं होतं. पण मुरमाच्या आधी पैसे संपले. परिणामी आमच्या घराचं पुढचं दार आषाढात लागतं ते उघडत नाही आणि वैशाखात उघडतं ते लागत नाही.

ते दार बघायला २००९ साली एक म्हातारा गवंडी आला. दाराकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो खाली बसला, जोत्याला हात लावला, ओळंबा सोडला आणि उठला. अंगणात लिंबाखाली मी त्या वेळी गाडीच्या उजव्या दाराला लाथ घालत होतो. तो जवळ येऊन उभा राहिला.

"सायेब, त्याला कामून बडवायलाव?"

"लागत नाही."

"दाराचं काई चुकलं न्हाई. बुडाचं बघा की."

आयुष्यभर वकिलाच्या घरात राहून मला हे सुचू नये! फिर्याद काय, तर दार लागत नाही. म्हणून आम्ही तीस वर्षं दारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून झोडपत होतो, आणि ते बिचारं नुसता साक्षीदार. गुन्हा दुसरीकडेच घडलेला.

गाडीखाली बॅटरी मारून पाहिलं. चासीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी हात असतात, त्यांवर अंगाच्या कडा टेकतात. आमची गाडी लिंबाखाली, ओल्या काळीवर वर्षानुवर्षं उभी. उजवीकडचे हात शाबूत होते, पण त्यांवरचं पॅकिंग कुजून भुगा झालं होतं. डावीकडचा एक हात तर गंजून पापडासारखा झाला होता. अंग त्या बाजूला खचलं होतं, आणि खचलेल्या चौकटीत चौकोनी दार बसणार तरी कसं?

मग गवंड्याच्या देखरेखीखाली मोटारीचं काम सुरू झालं. माजलगावातला फिटर हसला, पण आला. गवंड्यानं सांगितलेला क्रम मी मुद्दाम लिहून ठेवला आहे. गाडी सपाट फरशीवर, तिच्या चार चाकांवर उभी करायची. जॅकवर चढवायची नाही, कारण जॅकवर ती वेगळीच वाकते. दाराभोवतीची फट वर, खाली, पुढं, मागं सुतानं मोजायची. मग बोल्ट सैल करून एकेक चकती घालायची आणि पुन्हा मोजायची. फट सारखी झाली की मग बिजागरी. कुलपाची पट्टी सगळ्यात शेवटी. आमचे चारही डेंटर शेवटापासून सुरुवात करत होते.

तिसऱ्या दिवशी उजवं दार एका बोटानं लागलं. खट्. एवढाच आवाज. मी ते त्या दिवशी चाळीस वेळा लावलं असेल. ही आतून म्हणाली, "कोण आलंय?" डाव्या बाजूला मात्र नवा लोखंडी हातच हवा होता. तो इथं मिळेना. डावं दार तसंच राहिलं. मी ते दोरीनं बांधून टाकलं.

अशी तेरा वर्षं गेली. २०२२ साली एका रात्री अकरा वाजता फोन वाजला. एकोणीस वर्षांनी त्याचा आवाज. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"दादा, आपल्या गाडीचं दार तू कसं बसवलंस?"

बायकांच्या दिवाळीच्या फोनांतून बातम्या बऱ्याच जात होत्या म्हणायच्या.

त्याची हकीकत अशी. बर्मिंगहॅमला त्यानं हौसेनं एक जुनी ट्रायम्फ स्पिटफायर घेतली होती. दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार. नाव महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं, पण जातकुळी आमचीच. हेरल्डची चासी तोडून आखूड करायची आणि त्याच मिकेलोत्तीनं काढलेलं देखणं अंग वर ठेवायचं, अशी ती गाडी. तिचा नमुना तयार होऊनही कंपनीकडे पैसा नव्हता म्हणून पडून होता. १९६१ साली लेलँडनं ही कंपनी घेतली. तीच लेलँड, जिच्या नावाचे अशोक लेलँड ट्रक आपल्याकडे धावतात. त्यांची माणसं कारखान्यात फिरत असताना कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या कापडाखाली त्यांना ती सापडली म्हणतात. १९६२ साली ती बाजारात आली आणि १९८० पर्यंत तीन लाखांच्या वर खपली. आमच्या गावठी हेरल्डची बहीण अशी विलायतेत गाजत होती आणि आम्ही इकडं आपल्या बहिणीला लाथा घालत होतो.

स्पिटफायरच्या चासीला ते बाजूचे हात ठेवलेच नव्हते. तो भार दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर टाकलेला. त्या गंजल्या की गाडी मध्ये खचते. वर छप्पर नाही, त्यामुळे धरून ठेवायलाही काही नाही. झाकण काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं जसं मध्ये वाकतं, तसं. भावानं दोन्ही टोकांना टेकू देऊन गाडी उचलली, दोन्हीकडच्या गंजलेल्या पट्ट्या एकदम कापल्या आणि नव्या बसवल्या. आता दारं वरच्या बाजूला अडकत होती. म्हणून त्यानं दारं नवी आणली. तीही अडकली.

"दाराचं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "मग काय करू?"

मी गवंड्याचा कागद काढला. पट्ट्या पुन्हा सोडव, पण एका वेळी एकच बाजू. त्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी सळई वेल्डिंग करून ती ताणून धर. फट सुतानं मोज. कुलपाची पट्टी शेवटी. त्यानं सगळं लिहून घेतलं. मधे विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणालो, "जोत्यात." मग रोज रात्री फोन येऊ लागला. महिनाभर आम्ही फक्त फटींबद्दल बोललो. वाटणीबद्दल दोघांपैकी कोणीही अवाक्षर काढलं नाही, आणि एके रात्री माझ्या लक्षात आलं, की आता ते काढायची गरजही उरली नाही.

२०२३ साली अधिक श्रावण आला आणि भाऊ माजलगावला आला. सकाळपासून पाऊस लागलेला. त्यानं बेल वाजवली. मी धावत गेलो, कडी काढली, आणि दार उघडेना. काळी फुगलेली. मी आतून ओढतोय, तो बाहेरून ढकलतोय. एकोणीस-वीस वर्षांनी आमची समोरासमोर भेट झाली ती मध्ये बंद दार ठेवून. "वर उचल!" मी आतून ओरडलो. "आत दाब!" आणि मग दोघंही एकदम, वयाची लाज न बाळगता, "देवाचं नाव घेऊन..." दार उघडलं तेव्हा तो बॅगेसकट माझ्या अंगावर पडला. ही म्हणाली, "आधी पाय पुसा."

बॅगेत आमच्यासाठी चॉकलेटं होती आणि कपड्यांत गुंडाळलेला एक नवा लोखंडी हात होता. या गाड्यांचे शौकीन तिकडं इतके आहेत, की सुटे भाग अजून नव्यानं बनतात. विमानतळावर हे काय म्हणून विचारलं तेव्हा त्यानं "वडलांच्या गाडीचं हाड" असं सांगितलं म्हणे. फिटर आला. गवंडी आता हयात नव्हता. त्याचा ओळंबा मात्र त्याच्या मुलानं आणून दिला. तीन दिवस दोघं भाऊ गाडीखाली पालथे पडलो होतो. चौथ्या दिवशी मी डाव्या दाराची दोरी सोडली.

अधिकमासात आमच्याकडे गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला जायची रीत आहे. यादव राजा रामचंद्राचा १३१० सालचा ताम्रपट या गावात सापडला. राजानं दिलेल्या दानाचा तो कागद, म्हणजे तांब्याचा सातबाराच. मोटारीचा तसा कुठंच नसतो, हे मला तिथं पुन्हा एकदा आठवलं.

निघताना मी स्टेअरिंगवर बसलो. ही आणि जाऊबाई सीट दुमडून, काकूंची आठवण काढत मागं शिरल्या. भाऊ डाव्या बाजूला आला. त्यानं एका बोटानं दार लावलं. खट्. गाडी निघाली. गावाबाहेर आल्यावर मी सहज बघितलं. त्याचे दोन्ही हात दारावरच होते, मुठी घट्ट आवळून.

"अरे, आता लागतंय ते," मी म्हणालो. "सोड."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तू पुढं बघ."